कास्पारोव्ह–टोपालोव्ह डावावर लिचेसच्या ‘स्टडी’ची परीक्षा

एखाद्या बुद्धिबळ संकेतस्थळाचे विश्लेषण किती कामाचे आहे, हे आपल्या घाईघाईच्या ब्लिट्झ डावांवरून कळत नाही. त्यात चुकाच इतक्या असतात की कुठलेही इंजिन (खेळ्या तपासणारा प्रोग्राम) हुशार वाटते. खरी परीक्षा होते ती दोन बलाढ्य खेळाडूंच्या स्पर्धेतल्या डावावर, जिथे चूक एकच असते आणि तीही पहिल्या नजरेला चूक वाटत नाही. म्हणून लिचेस या संकेतस्थळाच्या या परीक्षणासाठी गॅरी कास्पारोव्ह विरुद्ध व्हेसेलिन टोपालोव्ह हा डाव घेतला आहे. स्थळ नेदरलँड्समधले विक आन झे, तारीख २० जानेवारी १९९९, पांढरी मोहरी कास्पारोव्हकडे. तेव्हा कास्पारोव्हचे रेटिंग २८१२ आणि टोपालोव्हचे २७०० होते. ती स्पर्धा कास्पारोव्हने १३ पैकी १० गुण मिळवून जिंकली आणि आपला विश्वनाथन आनंद अर्ध्या गुणाने मागे दुसरा आला.

लिचेसची ओळख थोडक्यात. थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ आज ना-नफा संस्था चालवते. जाहिराती नाहीत, पैसे भरून उघडणारी दारे नाहीत, सगळा कोड खुला. देणगी दिलीत तर नावापुढे पंखांचे चिन्ह मिळते, जास्तीची सोय एकही नाही. ‘फुकट आहे म्हणजे कुठेतरी कात्री असणार’ ही आपली सवयीची शंका इथे लागू पडत नाही. त्रास आहेत ते वेगळेच, आणि त्यातले बरेचसे चुकीचे बटण आधी दाबल्यामुळे होतात.

डाव आत आणणे

‘टूल्स’ मेनूत ‘इम्पोर्ट गेम’ आहे. खेळ्यांचा पीजीएन मजकूर (डाव साध्या अक्षरांत लिहायची ठरलेली पद्धत) तिथे चिकटवला की डाव उघडतो. नवखा माणूस इथेच जातो आणि इथेच फसतो. या मार्गाने आणलेल्या डावातले सगळे पर्याय, म्हणजे न खेळलेल्या वेगळ्या ओळी, पुसले जातात, फक्त प्रत्यक्ष खेळलेल्या खेळ्या उरतात. शिवाय तो डाव सार्वजनिक होतो. तशी सूचना त्याच पानावर लिहिलेली आहे, पण ती वाचतो कोण? शिक्षकाने तासभर खपून लिहिलेले पर्याय असे एका क्लिकमध्ये जाऊ शकतात. टिपा असलेला डाव आणायचा असेल तर ‘लर्न’ मेनूतली ‘स्टडी’ (डाव टिपांसह साठवायची वही) उघडा, नवी स्टडी तयार करा, नवा चॅप्टर (त्या वहीतले एक प्रकरण) घ्या आणि त्यातल्या ‘पीजीएन’ टॅबमध्ये मजकूर चिकटवा. तिथे पर्याय, टिपा, उद्गारचिन्हे सगळे शाबूत राहते. दृश्यता ठरवायचे तीन पर्याय आहेत: सर्वांसाठी खुली, फक्त दुवा असणाऱ्यांसाठी, किंवा फक्त बोलावलेल्यांसाठी. क्लासच्या कामाला मधला पर्याय पुरतो.

पुस्तकातून खेळ्या हाताने टंकणाऱ्यांसाठी हा डाव म्हणजे चांगला सापळा आहे. चार ठिकाणी नुसते मोहरे आणि घर (स्तंभाचे अक्षर आणि रांगेचा आकडा) लिहून भागत नाही. पांढऱ्याची सातवी खेळी घोडा ई२: सी३ आणि जी१ वरचे दोन्ही घोडे तिथे पोचतात, म्हणून जी स्तंभाचे अक्षर मध्ये घालावे लागते. काळ्याची सातवी, घोडा डी७, इथे बी स्तंभाचे. पांढऱ्याची एकविसावी, हत्ती ई१, इथे एच स्तंभाचे. बाविसाव्या खेळीला काळ्याचा घोडा डी५ वर मारतो, तिथे पुन्हा बी. अक्षर राहिले तर कोणता घोडा, कोणता हत्ती हे ठरत नाही आणि वाचन त्या खेळीशी अडखळते. दुसरी खोच अडतिसाव्या खेळीत. पांढरा उंटाने सी४ वर मारतो आणि काळा बी स्तंभाच्या प्याद्याने परत मारतो. इंग्रजी नोटेशनमध्ये उंटाचे ‘बी’ मोठ्या लिपीतले आणि प्याद्याचे लहान, एवढाच फरक. मोबाइलचा कीबोर्ड वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, तेव्हा हे मुद्दाम तपासा. कॅसलिंगसाठी पीजीएनच्या नियमाप्रमाणे मोठ्या लिपीतले ‘ओ’ अक्षर लागते, शून्य नव्हे.

सगळे नीट उतरले का हे पाहायची सोपी खूण आहे. शेवटची खेळी चव्वेचाळिसावी, वजीर ए७, आणि काळा राजा ई१ वर. ई८ वरून निघालेला राजा पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला गेला, हेच तर या डावाचे वैशिष्ट्य.

इंजिन आधी की नंतर

चॅप्टर उघडल्यावर ‘कॉम्प्युटर ॲनालिसिस मागवा’ हे बटण समोरच खुणावत असते. ते लगेच दाबू नका. स्टडीत हे विश्लेषण एका चॅप्टरसाठी एकदाच मागवता येते आणि ते फक्त मुख्य ओळीचे होते. म्हणजे बाजूचे पर्याय त्यात येत नाहीत, आणि मागवल्यानंतर पुढच्या खेळ्या जोडल्या तर त्यांना ते लागू होत नाही. म्हणून डाव पूर्ण उतरवा, खेळ्या पडताळा, मगच मागवा. सर्व्हर आलेख काढतो, डळमळीत खेळी, चूक आणि घोडचूक असे तीन दर्जे लावतो, आणि दोघांच्या अचूकतेची टक्केवारी देतो.

या टक्केवारीवर फार जीव लावू नये. लिचेस चुकीचा दर्जा इंजिनच्या गुणांकातल्या फरकावरून नव्हे, तर जिंकण्याची शक्यता किती घसरली यावरून ठरवते. कल्पना योग्यच आहे, कारण हत्तीने पुढे असताना प्यादे गेले तरी निकाल बदलत नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा की एकदा डाव एका बाजूला कलला की नंतरची मोठमोठी वळणे आलेखात सपाट दिसतात. या डावात पंचविसाव्या खेळीनंतर जे काही थरारक घडते, त्यातले बरेचसे आलेखाच्या वरच्या काठाला चिकटून जाते. आलेखावरून कोणी हा डाव समजून घेऊ पाहील तर त्याला वाटेल, चोविसाव्या खेळीला काळा चुकला, संपले.

तसा तो चुकला, हे खरे. चोविसाव्या खेळीला कास्पारोव्हने हत्तीने डी४ वरचे प्यादे मारले. पिर्क बचाव या सुरुवातीच्या मांडणीतून आलेल्या या स्थितीत काळा राजा ए७ वर, त्याच्या पाठीशी उंट ए८ च्या कोपऱ्यात, आणि पांढरा घोडा ए५ वर रोवलेला. टोपालोव्हने सी प्याद्याने हत्ती घेतला. राजा बी६ वर नेला असता तर बलिदान नाकारता आले असते. मग घोडा बी३, उंट डी५ वर मारतो, वजिरांची अदलाबदल, आणि डाव समतोलाच्या जवळ येतो. आजच्या इंजिनाला हे सांगायला फार वेळ लागत नाही.

पण ‘राजा बी६’ एवढे वाचून वाचकाच्या हाती काय लागते? इंजिनची पहिली ओळ उत्तर दाखवते, कारण दाखवत नाही. कारण हवे असेल तर जी खेळी प्रत्यक्ष झाली ती पटावर खेळा आणि पुढे उत्तरे शोधा. सी प्याद्याने हत्ती घेतल्यावर पांढरा दुसरा हत्ती ई७ वर झोकतो, शह. वजिराने तो मारला तर वजीर डी४ वर शह, राजा बी८, वजीर बी६ वर शह, उंट मध्ये बी७, घोडा सी६ वर शह, राजा ए८ आणि वजीर ए७ वर मात. ही ओळ चॅप्टरमध्ये पर्याय म्हणून घाला. मुख्य ओळीवर उभे राहून वेगळी खेळी खेळली की पर्याय आपोआप तयार होतो. तोच मुख्य व्हायला हवा असेल तर त्या खेळीवर उजवे बटण दाबून ‘प्रमोट’ निवडा.

ब्राउझरमधले इंजिन म्हणजे स्टॉकफिश. ‘एल’ कळ दाबली की सुरू. त्याच्या सेटिंगमध्ये एकाच वेळी दिसणाऱ्या ओळी एक ते पाच, थ्रेड (प्रोसेसरची किती ताकद वापरायची) आणि मेमरी ठरवता येते. डाउनलोडच्या आकारानुसार हलके आणि भारी असे प्रकार आहेत. भारी प्रकार सत्तर-ऐंशी एमबीच्या घरातला. मोबाइल डेटावर असाल तर हलकाच घ्या, असल्या स्थितींसाठी तोही भरपूर बलवान आहे. हे इंजिन तुमच्याच यंत्रावर चालते हे लक्षात असू द्या. थ्रेड सगळे देऊन ठेवले की लॅपटॉप तापतो, पंखा ओरडतो आणि प्रोजेक्टरवर चालू असलेले बाकीचे सगळे अडकते. अर्धे थ्रेड पुरतात. ठरलेल्या वेळेनंतर इंजिन थांबते. आणखी खोल पाठवायचे तर अधिकचे चिन्ह दाबायचे. प्रसिद्ध डावांत बहुतेक वेळा आधी कोणीतरी काढलेले मूल्यमापन क्लाउडमधून लगेच येते, त्यावर तसा शिक्काही दिसतो. तो दिसला की आपले यंत्र काम करत नाही, साठवलेले वाचत आहे, एवढे समजून घ्यायचे.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित कळ ‘एक्स’ आहे. समोरच्याची खेळी सोडून दिली तर धमकी काय, हे ती दाखवते. अठ्ठाविसाव्या खेळीला कास्पारोव्ह वजीर सी३ वर नेतो. काळा राजा ए४ वर, पट मोहऱ्यांनी भरलेला, आणि ही शांत खेळी पाहून शिकणारा गोंधळतो. ‘एक्स’ दाबा: वजीर बी३, मात. मग टोपालोव्हने वजिराने डी५ वरचे प्यादे का मारले तेही कळते, तिथून तो बी३ वर नजर ठेवतो. ही कळ शह असताना चालत नाही, म्हणून ई७ च्या शहावर ती दाबून काही दिसले नाही तर बिघाड समजू नका. (याच जागी, वजीर सी३ ऐवजी हत्ती ए७ अधिक नेमके होते, हे नंतरच्या विश्लेषणात सापडले. पाच ओळी लावून ठेवल्या तर दोन्ही शेजारी शेजारी पाहता येतात.)

‘झेड’ कळीने इंजिनचे सगळे दृश्य लपते, ‘एफ’ने पट उलटतो, स्पेस दाबली की इंजिनची पहिली पसंती पटावर खेळली जाते. शेवटची कळ विद्यार्थ्यांपासून लांब ठेवा; सलग स्पेस दाबत जाणे म्हणजे उत्तरपत्रिकेची मागची पाने चाळणे.

शिकवण्यासाठी चॅप्टर

लिचेसची खरी ताकद इथे आहे आणि पैसे घेणाऱ्या सेवांशी तुलना करावी ती इथेच. एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात, म्हणजे एका डावासाठी जागा कमी पडण्याचा प्रश्न नाही. प्रत्येक चॅप्टरला विश्लेषणाची चार रूपे मिळतात: साधे विश्लेषण, संगणकाशी सराव, पुढच्या खेळ्या लपवलेला, आणि संवादी धडा.

या डावाचे भाग असे पाडता येतात. पहिल्या चॅप्टरमध्ये पूर्ण डाव, ‘पुढच्या खेळ्या लपवा’ या रूपात. वाचक पुढे सरकेल तशा खेळ्या उघडतात, त्यामुळे खालची यादी वाचून कोणी शहाणा होत नाही. दुसरा चॅप्टर चोविसाव्या खेळीनंतरचा, काळ्याची पाळी. पहिल्या चॅप्टरमध्ये त्या स्थितीवर जा, ‘शेअर’ टॅबमधून फेन ओळ (पटाची स्थिती एका ओळीत लिहिलेली) कॉपी करा, नवा चॅप्टर घेऊन ‘फेन’ टॅबमध्ये चिकटवा. फेनमध्ये कोणाची पाळी आणि कितवी खेळी हे दोन्ही असते, म्हणून क्रमांक २४ पासूनच चालू राहतो. हीच स्थिती हाताने संपादकात मांडली तर पाळी पांढऱ्याचीच राहून जाते आणि धडा उलटा होतो; ही चूक फार सर्रास दिसते.

दुसरा चॅप्टर संवादी धड्याच्या रूपात ठेवा. पटाची दिशा काळ्याची निवडा, कारण ज्या बाजूला पट वळवलेला असतो ती बाजू शिकणाऱ्याची ठरते. दिशा ‘ऑटोमॅटिक’वर सोपवून निघून जाऊ नका, एकदा ‘प्रिव्ह्यू’ करून पाहा. मुख्य ओळ राजा बी६. सी प्याद्याने मारणे हा पर्याय म्हणून घाला आणि त्याच्या टिपेत ई७ च्या हत्तीचा उल्लेख करा. विद्यार्थी ती खेळी खेळला की तीच टीप उत्तर म्हणून येते. बाकी कुठल्याही चुकीच्या खेळीसाठी एक सामाईक संदेश लिहिण्याची जागा असते आणि मागितल्यावरच दिसणारी सूचनाही देता येते. सामाईक संदेशात ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असे लिहिणे म्हणजे जागा वाया घालवणे. ‘ए५ चा घोडा कोणती घरे अडवतो ते मोजा’ असे काही लिहिले तर पोरे पटाकडे बघतात.

तिसरा चॅप्टर पस्तिसाव्या खेळीनंतरचा, पांढऱ्याची पाळी. काळा राजा डी१ वर, वजीर सी४ वर, पांढरा वजीर बी२, हत्ती बी७, उंट एच३. इथे कास्पारोव्हने उंट एफ१ वर नेला. बऱ्यापैकी रेटिंगचे खेळाडूही इथे शहामागून शह देत राहतात, कारण हल्ल्यात गुंतलेले मोहरे आपल्या पहिल्या रांगेत परत जाईल हे डोक्यातच येत नाही. वजिराने उंट मारला तर वजीर सी२ शह, राजा ई१, हत्ती ई७ शह, वजीर मध्ये ई२ आणि तिथे मारून मात. प्रत्यक्षात टोपालोव्हने हत्ती डी२ वर आणला, तेव्हा हत्ती डी७! काळ्याने तो घेतला, मग उंटाने वजीर, प्याद्याने उंट, आणि वजिराने बी२ वरून मोकळ्या कर्णावर थेट एच८ चा हत्ती. या धड्यात पर्याय तीनच ठेवा. दहा पर्याय भरले की संवादी धडा संवादी राहत नाही.

पटावर उजवे बटण दाबून ओढले की हिरवा बाण, शिफ्टसोबत लाल, ऑल्टसोबत निळा. बाण त्या त्या खेळीसोबत साठवले जातात. बी२ ते एच८ कर्णासाठी एक बाण अडतिसाव्या खेळीऐवजी छत्तिसाव्यालाच काढून ठेवा. नंतर काढलेला बाण काही शिकवत नाही. फोनवर हे काम जिकिरीचे आहे. वाचायला फोन, बनवायला लॅपटॉप, असाच हिशेब ठेवावा.

क्लाससाठी स्टडीच्या सेटिंगमध्ये संगणक-विश्लेषण कोणाला दिसेल हे ठरवता येते. आधी ‘कोणालाही नाही’ ठेवा, चर्चा झाल्यावर उघडा. ‘सिंक’ चालू असेल तर शिक्षक पट हलवेल तसा सगळ्यांचा हलतो. सगळ्यांना ‘कॉन्ट्रिब्युटर’ (बदल करू शकणारे) करून टाकलेत तर उलटही होते, एका पोराने मागे घेतलेली खेळी सगळ्यांच्या पडद्यावर मागे जाते. विद्यार्थ्यांना फक्त प्रेक्षक ठेवा.

उणिवा

टिपा मराठीत, देवनागरीत लिहिता येतात आणि नीट दिसतात. पण पीजीएन उतरवून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर त्यांची अक्षरे विस्कटू शकतात, कारण पीजीएनचे मूळ मानक पश्चिम युरोपीय लिपीसाठी बेतलेले होते. देवाणघेवाण करायची असेल तर दुवा पाठवा, फाइल नको.

‘मास्टर्स’ ओपनिंग संग्रहात २२०० रेटिंगच्या वरच्या खेळाडूंचे १९५२ पासूनचे डाव आहेत, आणि पिर्कच्या या फाट्यावर कोण काय खेळले ते खेळीगणिक दिसते. सुरुवातीच्या दहा खेळ्यांसाठी ते उत्तम. पण खेळाडूनुसार, टीकाकारानुसार, मोहऱ्यांच्या मांडणीनुसार डाव शोधायचे असतील तर हॅम्बुर्गच्या चेसबेस या सॉफ्टवेअरला तोड नाही. तो विकत घ्यावा लागतो आणि विंडोजवरच चालतो. चेस डॉट कॉमचे ‘गेम रिव्ह्यू’ शब्दांत समजावून सांगते, लहान मुलांना ते आवडते, पण फुकट खात्याला ते मर्यादितच मिळते आणि अशा डावावर त्याची स्पष्टीकरणे फारच ढोबळ पडतात. ज्याला महिन्याला दोन-चार डाव खोलात पाहायचे आहेत आणि आठवड्याला एक तास शिकवायचा आहे, त्याने लिचेस सोडून पैसे खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

जुन्या डावांत एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे घड्याळ. लिचेसच्या ‘ब्रॉडकास्ट’मधून (स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणातून) घेतलेल्या आजच्या स्पर्धांच्या डावांत सहसा प्रत्येक खेळीनंतरचा उरलेला वेळ नोंदलेला असतो, त्यामुळे कोण कुठे अडला ते दिसते. हा डाव हाताने आणलात तर ती रकाने रिकामी राहतात. वेळेच्या ताणाचा अभ्यास करायचा असेल तर ताज्या ब्रॉडकास्टमधला डाव निवडून त्याचा चॅप्टर करा, आणि पीजीएन उतरवताना घड्याळाच्या नोंदी वगळल्या जात नाहीत ना, ते पाहा.

छपाईचे मात्र काही खरे नाही. स्थितीचे चित्र मिळते, चॅप्टरची हलती जीआयएफ मिळते, पण आकृत्या आणि टिपा एका पानावर बसवून कागदावर काढायची सोय नाही. ज्या क्लासमध्ये फोन बाहेर ठेवायचा नियम आहे, तिथे तिन्ही स्थितींची चित्रे वेगवेगळी उतरवून वर्डच्या पानात चिकटवावी लागतात. चित्र घेण्याआधी ‘एफ’ दाबून दिशा तपासा, दुसऱ्या चॅप्टरचे चित्र काळ्याच्या बाजूने हवे.